तुरघ कुणाची

“बाई, हा शब्द तुमचा नाही. आमचा आहे,” मी म्हणाले आणि बशीतला चहा संपवला.

एफीबाई व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसल्या होत्या. वय शहाऐंशी, अंगात फुलांचा झगा, पायांत माझ्या आईनं विणलेले लोकरी मोजे. बाहेर जुलैचा पाऊस. आमच्या घाटमाथ्यावर तो एकदा धरला की आठ-आठ दिवस समोरचं फणसाचं झाड नीट दिसत नाही. बाईंच्या मांडीवर विमानाच्या टपालानं आलेलं निळं पत्र होतं, आणि माझ्या हातात त्यांनी सांगितलेली यादी.

बाई मूळच्या स्कॉटलंडच्या. तिथल्याही मुख्य भूमीच्या नव्हेत, लुईस नावाच्या बेटावरच्या. १९३६ साली आमच्या मिशन हॉस्पिटलात नर्स म्हणून आल्या आणि राहिल्या. मधे एकदाच घरी जाऊन आल्या. बेटावरची भाषा गेलिक. ती बोलायला इथं कुणीच नव्हतं. डॉक्टर इंग्रजी बोलायचे आणि पेशंट मराठी. साठ वर्षांत ती भाषा बाईंच्या तोंडातून निघून गेली. आणि आता त्यांच्याच गावची एक शाळामास्तरीण, कत्रीओना नावाची, हिंदुस्थान बघायला आली होती. ती वाट वाकडी करून उद्या आमच्याकडे येणार होती, टेपरेकॉर्डर घेऊन. गावातल्या म्हाताऱ्या माणसांची जुनी बोली ती टेप करून ठेवायची. बाई इतक्या आधी बाहेर पडलेल्या, तेव्हा त्यांची बोली अगदी जुनी राहिली असेल, असं पत्रात लिहिलं होतं.

“राहिली असेल म्हणे,” बाई म्हणाल्या. “लोणचं आहे का मी?”

मग त्यांनी मला यादी करायला लावली. अजून काय काय येतं त्याची. वीसपर्यंत आकडे. दोन स्तोत्रं. वडील बोटीवर चिडले की द्यायचे ती एक शिवी. आणि शेवटी एक शब्द.

“आकडे शाळेतले, स्तोत्रं पुस्तकातली, शिवी बापाची,” बाई म्हणाल्या. “आईचा हा एकच उरलाय. तेवढा तिला देईन. बाकी तिच्याकडे असणारच.”

तो शब्द होता तुरघ.

मला हसूच आलं. मुसळधार पावसात मधेच दहा-पंधरा मिनिटं पाऊस थांबतो, ढग तसेच असतात, पण हवा कोरडी होते, ती तुरघ. आमच्या कंपाउंडात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. हॉस्पिटलच्या चादरी धुवायचं काम आमच्या घराकडे. आधी आजी, मग आई. पावसाळ्यात चादरी शेडमधे शेगडीवर शेकून वाळवायच्या. त्यांना धुराचा वास लागायचा आणि पेशंट कुरकुर करायचे. म्हणून पाऊस जरा थांबला की आईनं शेडच्या दारातून “तुरघ पडली” अशी हाक द्यायची आणि सगळ्या बायकांनी बादल्या घेऊन दोऱ्यांकडे पळायचं. मी त्या हाकेवर वाढले. आणि हा शब्द म्हणे स्कॉटलंडचा.

आता माझं सांगते. मी, सुवार्ता आवळे, तेव्हा चोवीस वर्षांची. शिक्षण दहावी, तीही दुसऱ्या खेपेला. हॉस्पिटलच्या रेकॉर्डरूममधे केसपेपर लावायची. पण मिशनच्या जुन्या कपाटातली पुस्तकं वाचून वाचून मला शब्दांचा नाद लागला होता. घाटावर पाऊसवाऱ्याला काय काय म्हणतात ते मी वहीत उतरवत होते. एकशेबारा शब्द झाले होते. कोल्हापूरचे एक प्रकाशक त्याची छोटी पुस्तिका काढायला तयार झाले होते, आणि त्या वहीतला पहिला शब्द होता तुरघ.

“कशावरून तुमचा?” बाईंनी विचारलं.

मी सांगितलं. पंचवीस जणांना विचारलंय. नावं, वय, सगळं लिहून ठेवलंय. माझी आजी सलोमी म्हणायची, ती तर या घाटाच्या बाहेर कधी गेली नाही. पंचवीसच्या पंचवीस जण म्हणतात. एका बाईंच्या आठवणीपुढे पंचवीस साक्षी. मी हे अगदी वकिलासारखं बोलले.

बाई पत्राची घडी घालत राहिल्या.

“असेल गं,” शेवटी म्हणाल्या. “मला हल्ली उमगत नाही. आई दारात उभी आहे, आभाळाकडे बघून तुरघ म्हणतेय, असं मला लख्ख दिसतं. पण परवा ती स्वप्नात आली आणि मला म्हणाली, ताटातलं टाकू नकोस. मराठीत. तिला मराठी भाषा आहे हेसुद्धा माहीत नव्हतं बघ.”

त्यांनी हात पुढे केला. मी यादी दिली. पेन मागितलं, तेही दिलं. शेवटची ओळ त्यांनी स्वतः खोडली. सरळ, एकाच रेघेत. केसपेपरवर चुकीचं औषध खोडतात तशी.

“आणि उद्या तिच्यापुढे हा शब्द तू काढायचा नाहीस. ती म्हणाली की आमच्यात असा शब्द नाही, तर ते ऐकायला मला बसवू नकोस. हो म्हण.”

मी हो म्हणाले. घरी जाताना मला आपण मोठं खरं बोलून आलो असंच वाटत होतं. चोविसाव्या वर्षी खरं बोलण्याचा फार अभिमान असतो.

आई चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होती. मी सगळं सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, “म्हातारीनं एक शबूद मागितला, तर दिऊन टाकायचा हुता. आपल्याकडं काय कमी हैत?”

मी म्हटलं, खरं ते खरं.

“खरं व्हय,” आई म्हणाली. “ते तुझं पंचवीस जण कोण कोण गं?”

मी नावं सांगायला लागले. सातपुते मामा, मार्थाकाकी, वॉचमन, बेकरीवाला शांतवन, दोन आया, पाळकबाई. आई एकेका नावाला मान हलवत होती. दहाव्या-बाराव्या नावाला माझाच आवाज बारीक झाला.

“सगळी आपल्या भिताडाच्या आतली न्हवं?” आई म्हणाली. “भायेर कुणाला इचारलंस?”

कुणालाच नाही. कंपाउंडच्या भिंतीबाहेर घाट आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही जन्मलो आत, शाळा आत, चर्च आत, नोकरी आत. मला ‘घाटावर’ म्हणजे आमच्या त्या तीन आळ्याच वाटायच्या.

सकाळी पहिल्या दुधाच्या जीपमधे बसून मी सड्यावरच्या वाडीत गेले. तिथं रोपलावणी चालली होती. डोक्यावर इरली घेतलेल्या चार बायका चिखलात वाकलेल्या. मी बांधावर उभी राहून विचारलं, पाऊस मधेच थांबतो त्याला काय म्हणता? एक म्हणाली उघाड. दुसरी म्हणाली उघडीप, आणि तुला म्हाईत न्हाई व्हय, शिकल्याली दिसतीस. मी विचारलं, तुरघ म्हणत नाही का? त्यांनी एकमेकींकडे बघितलं. मग सगळ्यांत थोरली, तानाक्का, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“त्ये तुमच्या मिशनातलं. माझ्या थोरल्याच्या बाळंतपणाला मी तितं हुतो. एक बाई तुरघ म्हनून वरडली की सगळ्या पांढरी कापडं घिऊन पळायच्या. मला वाटलं तुमच्या देवाचं काय तरी असल. म्या बी हात जोडलं.”

बाकीच्या तिघी हसून हसून चिखलात बसायच्या राहिल्या.

मी आणखी दोन वाड्यांत गेले. चहाच्या टपरीवर विचारलं, पिठाच्या गिरणीत विचारलं, परतीच्या एसटीत कंडक्टरला विचारलं. अकरा वाजेपर्यंत मला कळलं होतं की हा शब्द आमच्या भिंतीच्या आतच जन्मला किंवा आतच उतरला. घाटावर त्याला कुणी ओळखत नव्हतं.

परत आले तर कत्रीओना येऊन बसली होती. चाळिशीतली, रुंद खांद्यांची, कान लाल झालेले, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल आणि त्याची काहीच फिकीर नाही. टेबलावर टेपरेकॉर्डर होता, बंद. बाईंनी तिला आल्या आल्या इंग्रजीत सांगून टाकलं होतं की तुझ्यासाठी माझ्याकडे काही उरलेलं नाही, इतक्या लांब आलीस त्याचं वाईट वाटतं. आकडेसुद्धा म्हणून दाखवले नव्हते. ती बिचारी तीनच्या गाडीनं परत जाणार होती.

मी गोळ्यांचं निमित्त करून बाईंना आतल्या खोलीत नेलं आणि एका दमात सगळं सांगितलं. तानाक्काचं, गिरणीचं, कंडक्टरचं. म्हटलं, बाई, मी चुकले. शब्द तुम्हीच आणला असणार.

बाई पलंगाच्या कडेला टेकल्या.

“शब्द म्हणजे काय साखरेची वाटी आहे का गं? काल नेली, आज परत?”

“बाई, मी खरंच सांगते.”

“कालही खरंच सांगत होतीस. किती ठाम होतीस.”

“आजही ठाम आहे.”

“त्याचीच भीती वाटते,” बाई म्हणाल्या. “मिशनचा म्हणजे माझाच कशावरून? इथं पंजाबी डॉक्टर होता. केरळच्या नर्सा होत्या. दोन वेल्श बाया सात वर्षं होत्या, त्यांची तर तिसरीच भाषा. म्हातारीला बरं वाटावं म्हणून तू रात्रीतून मत बदललंस, आणि मी ते घेऊ?”

 याचं उत्तर बाहेरच्या खोलीत चिखलाचे पाय घेऊन बसलं होतं. मी म्हटलं, मी तिलाच विचारते ना. बाई म्हणाल्या, “काल हो म्हणालीस की नाही?” म्हणालेच होते.

मी शेडकडे पळाले. शब्द न काढण्याचं वचन मी दिलं होतं, आईनं नव्हे. आई शेगडीवर चादर धरून उभी होती. मी म्हटलं, एकदा बाहेर येऊन हाक दे. फक्त एकदा, त्या पाहुणीच्या कानावर जाऊ दे.

आईनं पत्र्यावरच्या पावसाकडे बोट केलं. “ह्यात?”

“हो.”

“ह्यात तुरघ कशी म्हनू? चौदा बाया चादरी घिऊन भायेर पळतील.”

मी विनवलं. बाईंच्या जिवाचा प्रश्न आहे म्हटलं. आईचा चेहरा मऊ झाला, पण मान हलली नाही.

“तुझ्या आज्जीनं मला पयल्या दिवशी सांगितलं, भाकरी करपली तर चालंल, खोटी तुरघ द्यायची न्हाई. बत्तीस वर्सांत म्या दिली न्हाई. पडू दे. पडली की वरडतो.”

म्हणजे आता सगळं आभाळावर. मी बाईंच्या बंगल्यावर गेले, पुढच्या व्हरांड्यात झड येते असं सांगून खुर्च्या उचलल्या आणि बाजूच्या व्हरांड्यात मांडल्या, जिथून दोऱ्यांचं अंगण समोर दिसतं. बाईंना संशय आला असावा, पण त्या येऊन बसल्या. जेवायला तांदळाची भाकरी आणि खेकड्याचा रस्सा होता. कत्रीओनानं नांगी उचलली, दातांनी कडेला चीर पाडली आणि अंगठ्यानं अख्खं मांस एका झटक्यात बाहेर काढलं. बाई बघत होत्या. त्यांनीही आपली नांगी तशीच फोडली, तशीच, अंगठ्यानं. आम्ही इतकी वर्षं बत्त्यानं फोडत होतो. दोघी एकमेकींकडे बघून जरा हसल्या. दिवसभरात तेवढंच.

दीड वाजला. दोन वाजले. पाऊस आपला सरळ दोऱ्या सोडल्यासारखा. कत्रीओनानं टेपरेकॉर्डर पिशवीत भरला. मी चहा केला, मग पुन्हा चहा केला. बाई डोळे मिटून बसल्या होत्या. सव्वादोन. अडीच. मी पावसाला मनात जे काही बोलले ते मिशनच्या मुलीनं बोलू नये असं होतं. कत्रीओना उठून जाकीट चढवायला लागली. एसटी हॉस्पिटलच्या फाटकापाशी थांबायची. चालत पाच मिनिटं.

दोन-चाळीसला पाऊस थांबला. बारीक होत होत नाही, एकदम. पन्हळीतून पाणी गळण्याचा आवाज तेवढा राहिला.

शेडच्या दारात आई आली. तळहात बाहेर काढला. पश्चिमेकडे बघितलं. मला तर वाटलं, ही आता सूर्य येईपर्यंत बघत बसते. मग तिनं पदर खोचला आणि तिच्या त्या रानातल्या आवाजात हाक दिली, “तुरघ पडली गं, तुरघ.”

चौदा बायका बादल्या घेऊन धावल्या. चिखल, हसू, एकीचा धक्का दुसरीला, आणि बघता बघता दोऱ्यांवर पांढऱ्या चादरी.

कत्रीओनाचा एक हात जाकिटाच्या बाहीत होता, दुसरा बाहेर. ती तशीच कठड्यापाशी गेली. तिनं तो शब्द उच्चारला, हळू. तुरघच, पण शेवटचा ‘घ’ घशातून, वाफेसारखा. आमच्या तोंडात झिजून गेलेलं काहीतरी त्यात होतं. मग वळून बाईंना गेलिकमधे काहीतरी विचारलं. बाईंना ते कळलं नाही. तिनं इंग्रजीत पुन्हा विचारलं.

“हे माझी आजी म्हणायची. दारात उभी राहून. आम्ही सगळे वाळत घातलेलं गवत उलटायला पळायचो. इथं हे कोण म्हणतंय?”

बाई खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसल्या होत्या.  त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी दोन्ही हात वर करून दाखवले, शब्द मी काढलेला नाही. मग त्या मराठीत म्हणाल्या, “टेप लाव म्हणावं तिला.”

मी सांगितलं. कत्रीओनानं पिशवी व्हरांड्यातच उपडी केली.

त्यांच्या बेटावर माणसाला ‘तू कोण’ असं विचारत नाहीत, ‘तू कुणाची’ असं विचारतात. नुसत्या नावाला तिथं काही किंमत नाही. टेप सुरू झाल्यावर कत्रीओनानं रिवाजाप्रमाणे तेच विचारलं. आणि बाई बोलल्या, गेलिकमधे, न अडखळता. एफी डोनाल्डची, डोनाल्ड इअनचा, इअन अँगसचा, आणि त्याच्याही मागे दोन. हे त्यांनी यादीत घातलंच नव्हतं. नंतर मी विचारलं तर म्हणाल्या, ती भाषा कुठे गं, ते तर माझं नाव.

अंगणातल्या बायका आता व्हरांड्याशी जमल्या होत्या. माझी आई राहेल पुढे. बाईंनी सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि पुढचं मराठीत सांगितलं. मी वाक्यावाक्यानं इंग्रजीत करत होते, म्हणून मला ते शब्दन् शब्द आठवतं.

“आता तुरघचं सांगते, ती कुणाची. तुरघ माझ्या आईची, पेगीची. पेगीकडून माझी. मला इथं भाषा येत नव्हती तेव्हा सलोमीनं मला सगळी मराठी दिली, अगदी भांडणापर्यंत. माझ्याकडून तिला ही एवढी एक गेली, चादरी वाळत घालताना. सलोमीकडून राहेलची. राहेलकडून हिची.” बोट माझ्याकडे होतं. मी इंग्रजीत काय करायचं ते विसरले. बाई थांबल्या, आणि त्यांच्या तोंडाची एक कड वर गेली. “आणि हिच्याकडून, काल फार वाद घालून, आज परत माझी. तेही घे टेपवर.”

कत्रीओनाची तीनची गाडी गेली. ती आणखी चार दिवस राहिली.

पुढे तिनं मला त्यांच्या भाषेचा एक जाडजूड कोश पाठवला. त्यात तुर म्हणजे कोरडं, आणि त्यावरून कोरडी झालेली हवा ती तुरघ, असं आहे. हा कोरडेपणा आणखी मागे, मागे नेऊन आपल्या तृषेशी आणि तहानेशी जोडणारे विद्वानही आहेत. असेलही. मी तो कोश जपून ठेवलाय, पण ठामपणे काही सांगत नाही. भिंतीच्या आत पंचवीस जणांना विचारून मी एकदा फसले आहे. पुस्तिकेत मी तुरघ ठेवली. तिच्यापुढे ‘घाटमाथा’ असं लिहिलं होतं ते खोडून ‘पेगी, लुईस बेट’ असं लिहिलं. प्रकाशकांनी पत्र पाठवून विचारलं की हे गाव कोणत्या तालुक्यात येतं.

बाई त्यानंतरच्या फेब्रुवारीत गेल्या. त्या टेपची एक प्रत माझ्याकडे आहे. त्यात बाईंचं बोलणं संपतं. कुणीतरी नाक ओढते, ती मी. मग पत्र्यावर थेंब वाजायला लागतात, आधी एक-दोन, मग सगळे. आणि त्या आवाजावरून माझ्या आईचा आवाज, चौदा जणींवर:

“अगं बायांनो, गोष्ट काय ऐकत बसलाय, तुरघ सपली. चादरी कोण तुमचा बा काढनार?”